जावयाचे चार दिवस

सासुरवाडीस गेलेल्या जावयास काम म्हणून काही नसते. त्याने सोप्यात, अलीकडच्या चालीप्रमाणे मुद्दाम शेजारून मागून आणलेल्या खुर्चीवर बसावे, दर दीड तासाने येणारा चहा निमूटपणे घ्यावा, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या 'पावणं कधी आलं?' या प्रश्नास, विचारणाराने आपल्याला काल एस.टी.तून उतरताना प्रत्यक्ष पाहिलेले असले तरीही, नव्या उत्साहाने उत्तर द्यावे, आणि उरलेला वेळ विचारात घालवावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. नोव्हेंबरच्या मध्यावर आलेल्या एका दिवाळीत असा चार दिवसांचा सक्तीचा विश्राम माझ्या वाट्याला आला. त्या रिकामपणात जे पाहिले, ऐकले आणि मनात घोळले त्याचीच ही कैफियत आहे.

माझी सासुरवाडी कृष्णाकाठची, कऱ्हाडच्या पुढे एस.टी.ने पाऊण तासाच्या वाटेवरची. कऱ्हाडला रेल्वेने जाणारा नवखा माणूस प्रथम थोडा फसतो, कारण कऱ्हाडचे स्थानक कऱ्हाडात नाही, ओगलेवाडीस आहे. आणि ओगलेवाडी म्हटले की आमच्या आधीच्या पिढीस जे आठवते ते स्थानक नव्हे, तर ओगल्यांच्या काच कारखान्यातून निघालेला आणि महाराष्ट्राच्या खेडोपाडी लटकलेला 'प्रभाकर' कंदील होय. तसा एक कंदील सासुरवाडीच्या माजघरात, मधल्या खांबाच्या खुंटीस, अद्याप टांगलेला आहे. घरात वीज येऊन दोन पिढ्या लोटल्या, कंदिलाची काच तडकून गेली, तरी दर दिवाळीस सासूबाई तो राखेने घासतात, त्याच्या पितळी टोपणास हळदकुंकवाचे बोट लावतात आणि पुन्हा खुंटीस अडकवतात. ज्याचे काम संपले त्याचा मान मात्र संपत नाही, ही खेड्याची रीत त्या कंदिलावरून माझ्या ध्यानात आली. आणि पुढील चार दिवसांत हीच गोष्ट निरनिराळ्या वेषांत माझ्यासमोर येत राहिली.

पहिला वेष भाषेचा. मी सासऱ्यांना 'मामा' म्हणतो आणि सासूबाईंना 'मामी'. लग्नानंतर पहिल्याने मला तसे सांगण्यात आले तेव्हा पुण्याच्या सवयीने 'बाबा' आणि 'आई' तोंडी येऊ पाहणाऱ्या माझ्या जिभेस ते चमत्कारिक वाटले, कारण माझे सख्खे मामा रत्नागिरीस होते आणि त्यांचा या घराशी सुतराम संबंध नव्हता. उलगडा पुढे झाला. घाटावरच्या मराठा व इतर अनेक समाजांत मामाच्या मुलीशी मुलाचा विवाह संमत, किंबहुना पसंत. आत्याच्या मुलीशी मात्र नाही. या रीतीने पाहता बायकोचा बाप हा मूळचा मामाच ठरतो, बायकोची आई मामी ठरते, आणि सुनेच्या दृष्टीने सासू ही बापाची बहीण, म्हणजे आत्या. म्हणूनच या घरातल्या दोन्ही सुना माझ्या सासूबाईंना 'आत्या' म्हणतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचे पट्टे पाडून दाखवले, त्यांत महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. उत्तरेत सोयरीक परक्याशी जोडावयाची, दक्षिणेत जुन्याच नात्यास पुन्हा गाठ मारावयाची, आणि आपण या दोहोंच्या सांध्यावर उभे. प्रत्यक्ष लग्न मामाच्या मुलीशी झालेले असो वा नसो, भाषा ते झाल्याचे गृहीत धरून परक्यास घरच्या नात्यात बसवून टाकते. मेव्हण्यांची मुले मला 'मामा' म्हणतात, कारण आत्याचा नवरा तो मामा; मी आतल्या मामांना हाक मारतो आणि तेवढ्यात अंगणातून कोणी मलाच तीच हाक मारतो. एका उंबऱ्यात दोन मामा नांदण्यात कोणासही अडचण वाटत नाही.

मेव्हण्यांचा मात्र मी 'दाजी'. या दाजीचा मान काय वर्णावा! नरकचतुर्दशीस पहाटे चार वाजता परड्यातला तांब्याचा बंब पेटतो. घरातील वडीलधाऱ्यांच्याही आधी पहिले पाणी जावयाचे. पाटाभोवती रांगोळी, अंगास तेल-उटणे, पायाखाली चिरडावयास कडू कारीट, आणि न्हाऊन बाहेर यावे तो ताटात अशी भरगच्च मांडणी की करंजीखाली चिवडा आणि चिवड्याखाली कडबोळे दडलेले असावे. 'नको' हा शब्द येथे नकारार्थी समजला जात नाही. "आवो, शहरात काय खातासा, वाईच घ्या की," असे म्हणत मामी डोईवरचा पदर सावरून, माझ्याकडे सरळ न पाहता, माझ्या ताटात मात्र अचूक लाडू टाकतात.

या सरबराईत माझी पत्नी कोठे होती? एस.टी.तून उतरून उंबरा ओलांडताच ती माझ्यापुरती अदृश्य झाली होती. पुण्यात 'आहे' म्हणणारी ती वेशीपाशीच 'हाय' म्हणू लागते, आवाज दोन पट्ट्या वर चढतो, आणि चार दिवस मला ती दिसते ती चुलीच्या धुरातून, परड्यात भावजयांच्या घोळक्यात, किंवा पाडव्याच्या सकाळी अंगणात उकिडवी बसून शेणाचे पांडव घालताना. हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले, समोर रांगेने बोटभर उंचीच्या आकृत्या, त्यांच्या डोकीवर झेंडूच्या पाकळ्या, आणि आईशी चाललेले अखंड बोलणे. तिला येथे कोणी पाहुणी म्हणत नाही, 'माहेरवाशीण' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. पण चार दिवस त्यावर विचार करण्यास सवड असलेल्या माणसाच्या ध्यानात येते की 'वाशीण' म्हणवणारी ही बाई येथे वास करीत नाही. ज्या घरात ती जन्मली तेथे ती चार दिवसांची, आणि जेथे कायमची राहते तेथे ती आलेली. मला मान मिळतो तो परका असून; तिला मिळतो तो परकी झाल्यामुळे.

तिसऱ्या प्रहरी मामांनी मला रानात नेले. घाटावर शेताला शेत क्वचितच म्हणतात. ते रान, आणि त्याच्या भोवतालचा सगळा टापू ते शिवार. मामांच्या रानात आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस उभा होता, म्हणजे सोळा महिन्यांचा, पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर गेलेला. पलीकडे दुसरी जात. एकीला गावात 'शहाऐंशी बत्तीस' म्हणतात, दुसरीला 'दोनशे पासष्ट'. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून शेतकऱ्यांच्या हाती आलेल्या या वाणांची ही आकडेबाज नावे येथे लहान पोरांनाही पाठ आहेत. गळिताचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि शेजारच्या रानात तोड चालली होती.

तोडणारी माणसे बीडकडची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबे अशी निघतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली 'उचल' फेडण्यासाठी पाचसहा महिने कारखान्यांच्या शिवारात कोपी बांधून राहतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मी बांधावर उभा राहून पाहिले. पुरुष वाकून, जमिनीसरशी, एका घावात ऊस तोडी. बाई ते ऊस साळून, वाढ्याच्या दोराने त्यांची मोळी आवळी, गुडघ्याचा टेका देऊन ती डोकीवर घेई, आणि ट्रकला लावलेल्या हातभर रुंदीच्या फळीवरून चढून वर रचून येई. मी मोजीत होतो तोवर ती अकरा वेळा चढली-उतरली. मामांनी सहज विचारले, "किती कोयतं आल्यात औंदा?" मुकादम म्हणाला, "चौदा." माणसे मला अठ्ठावीस दिसत होती. उलगडा मामांनीच केला: नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याची, हिशेब कोयत्याचा, आणि ती उचल घेताना अंगठा वा सही बहुधा पुरुषाची. ज्या शब्दाने दोन माणसे मोजली जातात त्या शब्दात एकच हत्यार आहे, आणि तेही बाईच्या हाती मी पाहिले नव्हते. तिच्या हाती मोळी होती. माझ्या लाडवांचे ताट त्या क्षणी मला फार दूर वाटले.

परतताना मामा बांधाबांधाने जमिनीची हकिगत सांगत होते, आणि त्यात मला त्या प्रदेशाच्या हिशेबी बुद्धीचा परिचय झाला. एकराचे चाळीस गुंठे हे शाळेत शिकलो होतो. पण गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद असा चौरस, आणि तेहतीस फूट म्हणजे मोजणीदाराची एक साखळी, त्या साखळीचे पुन्हा सोळा आणे, हे प्रथमच कळले. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट आणि त्याची चाळीस पट ४३,५६० म्हणजे बरोबर एक एकर. एवढा नेमका मेळ बसलेला पाहून मला शाळेतल्या गणिताविषयी उशिरा का होईना आदर वाटला. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८३०च्या दशकात, इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी मुंबई इलाख्याची जी जमीनपाहणी केली, तिने 'सर्व्हे नंबर' खेड्यापाड्यांत पोचवला. पुढे १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यापासून त्या नंबरांचे 'गट' होऊ लागले. नाण्यांतून आणा १९५७ नंतर गेला, कागदावर हेक्टर-आर आले, परंतु मामांच्या तोंडी अजून एकर, गुंठा आणि आणाच आहेत. "बांध दोन आणं सरकलाय त्यांचा," असे ते शेजाऱ्याच्या उसाकडे बोट दाखवून म्हणाले. दोन आणे म्हणजे सव्वाचार फूटही नव्हे. नात्याच्या बाबतीत परक्यास मामा म्हणवून घेण्याइतके उदार असणारे हे लोक जमिनीच्या बाबतीत हाताच्या वितीनेही मोजतात.

त्याच रात्री मामांनी माळवदावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. विषय निघाला तो असा की, त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि हयातीतच जमिनीची वाटणी करून द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले होते. पेटीत फडक्यात बांधलेले दफ्तर: जुने उतारे, फेरफाराच्या नकला, दस्ताच्या पावत्या. सातबारा हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो काय आहे हे पुष्कळांस सांगता येत नाही म्हणून येथे थोडक्यात लिहितो. गावच्या महसुली दफ्तरात एकंदर एकवीस नमुने असतात. त्यांपैकी सातवा नमुना जमिनीवर कोणाचा हक्क आहे ते सांगतो आणि बारावा तीत कोणते पीक आहे ते. हे दोन एका कागदावर आले की झाला सातबारा. हक्कात जो बदल होतो तो आधी सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत, चढतो, आणि तेथला क्रमांक वर्तुळात घालून सातबाऱ्यावर येतो. हस्तलिखित उताऱ्यांत, ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडीत नसत. त्यास कंस करीत. नाव दिसत राही, परंतु कंसात.

मामांनी चिमणीएवढ्या दिव्याखाली उलगडलेल्या एका पिवळ्या उताऱ्यावर भोगवटादाराच्या रकान्यात मामांच्या वडिलांचे नाव होते, कंसात. त्याखाली तीन नावे: मामांचे, त्यांच्या आईचे आणि त्यांच्या बहिणीचे. आईच्या नावास कंस, कारण त्या वारल्या. बहिणीच्या नावासही कंस. आणि माझ्या पत्नीची ही आत्या तर त्याच दिवशी सकाळी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन, पलीकडच्या गावाहून चालत आली होती आणि त्या क्षणी माजघरात झोपली होती.

"आत्याबाईंनी हक्कसोड दिली?" मी विचारले. वस्तुतः जावयाने हे विचारू नये. जावयाने बांधावर उभे राहावे, बांधाविषयी बोलू नये, असा अलिखित कायदा आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. कारण जमिनीविषयी जावयाच्या तोंडून निघालेला प्रत्येक प्रश्न लोभाचा म्हणून कानावर पडतो.

मामांस राग आला नाही. "दिली की. कोण मागाय गेलं नव्हतं तिला. म्हणली, मला माझं माहेर ऱ्हाऊ दे." मग थोडे थांबून, "दर दिवाळीला लुगडं चुकीवलं न्हाई मी."

हे ते खरेच बोलले. लुगडे चुकले नव्हते, आजारपणात औषध चुकले नव्हते, आत्याबाईंच्या मुलाच्या लग्नात मामाचा मान चुकला नव्हता. महाराष्ट्राच्या किती घरांतून हा व्यवहार असाच, कोणाच्याही मनात पाप नसता, झालेला आहे! बहीण कागदावरून उठते आणि त्याबद्दल तिला घरात पाट मिळतो. लहानपणी आपण कंस शिकलो तो आधी कृष्णाच्या गोष्टीतला, बहिणीस बंदीत टाकणारा मामा; गणितातला कंस पुढे आला. माझे मामा त्या गोष्टीतले मुळीच नव्हेत. परंतु कागदावरचा कंस काढणाऱ्याचा स्वभाव पाहत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. महसूल खात्यातल्या नोकरीत गावे पायांखाली घालून आत्र्यांनी जे खेडे लिहून ठेवले त्यात पाटलापासून बलुतेदारापर्यंत प्रत्येकाचे काम, मान आणि हक्क ठरलेले आहेत. ती वतनी व्यवस्था पुढे कायद्याने मोडली. कुलकर्णी वतने १९५१ मध्ये गेली, पाटीलकी १९६३ च्या आरंभी. वतने गेली तरी मान राहिले: होळीची पहिली पोळी, पोळ्याचा पहिला बैल यांवरून अद्याप गावोगाव रुसवेफुगवे होतात. मात्र वतन असताना मान आणि हक्क हे जोडीने चालत, आणि म्हणून आपल्या मनात ते एकच असल्याचा समज रुजला. ते एक नाहीत. मान देणाराच्या मर्जीवर असतो, हक्क घेणाराच्या नावावर असतो. काच गेलेला कंदील मानाने खुंटीस असतो. उजेड दुसरीकडून येतो.

कायद्याची स्थिती आता निःसंदिग्ध आहे आणि ती माहीत असणे प्रत्येक घरास आवश्यक आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या हिश्शाची वारस झाली. आत्याबाईंचे नाव उताऱ्यावर चढले ते त्याच कायद्याने. वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट उरली नाही. आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायद्याच्या बाहेरही प्रयत्न झाले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवले, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' या नावाने, शेतकऱ्याने आपखुशीने काही जमीन पत्नीच्या नावे करावी, अशी मोहीम चालवली. या साऱ्याचा मामांच्या पेटीत मागमूस नव्हता.

मामा उतारे घडी करीत होते. "पोरांस्नी माझ्या हातानं वाटून दिलं म्हंजी भांडण न्हाई," ते म्हणाले.

माझी पत्नी दाराच्या चौकटीस टेकून उभी होती. केव्हापासून ते मला ठाऊक नाही. हातात आत्याबाईंसाठी पाण्याचा तांब्या होता. तिने विचारले, "आण्णा, पोरांस्नी म्हंजी किती जणांस्नी?"

आपल्या भाषेत 'पोर' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. पोरं म्हटले की त्यात मुलगेही आले आणि मुलीही. मामा आयुष्यभर 'माझी तीन पोरं' असेच सांगत आले. पाहुण्यांस, तलाठ्यास, शिरगणतीच्या माणसास. भाषेने जे तीन मोजले ते वाटणीच्या वेळी दोन कसे होतात, एवढेच तिने विचारले होते. प्रश्नात तक्रार नव्हती, हिस्सा मागणेही नव्हते. मामांनी तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या कागदाकडे. थोरला मेव्हणा उठून गोठ्याकडे गेला. मामा काही बोलले नाहीत. परंतु दफ्तर त्यांनी पेटीत न ठेवता उशाशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. तिने दोन्ही भावांस ओवाळले, त्यांनी ताटात पाकिटे ठेवली, धाकट्याने नेहमीप्रमाणे आधी रिकामे पाकीट टाकून तिला हसवले. आत्याबाईंनीही मामांस ओवाळले. त्यांच्या ताटात लुगडे आले, आणि त्यांनी ते डोळ्यांस लावून घेतले. ते प्रेम खोटे होते असे जो म्हणेल त्याने ते पाहिलेले नाही. एस.टी.त बसल्यावर मी पत्नीस विचारले की, वाटणीत नाव आले तर ती जमीन घेणार का. "ते पुढचं बघू," ती म्हणाली, "आधी मोजू तर देत."

मला वाटते, एवढीच गोष्ट पुरे आहे. ज्या बहिणीस हक्क सोडावयाचा असेल तिने तो सोडावा; सोडणे हाही हक्कच आहे. परंतु सोडण्यापूर्वी तो तिचा होता हे घरातल्या सर्वांनी मोठ्याने वाचलेले असावे. येत्या दिवाळीस जे भाऊ ओवाळून घेतील त्यांनी ताट उचलण्यापूर्वी घरातला उतारा बाहेर काढावा आणि बहिणीस शेजारी बसवून तो तिच्यासह वाचावा. जावयांनी त्या वेळी खुर्चीवर स्वस्थ बसून चहा घ्यावा.

त्या दिवाळीनंतर बराच काळ लोटला. मामांचा वाटणीचा अर्ज अद्याप तहसिलीत गेलेला नाही, आणि उताऱ्यावर अजून त्यांचे एकट्याचेच नाव आहे.